मोडेम गेला, कॉम्प्युटर नाही

डायल-अप इंटरनेटच्या काळात मे महिन्यात वळवाचा एखादा जोरदार पाऊस व्हायचा, दोन-चार विजा कडाडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत गर्दी व्हायची. तक्रार एकच. काल संध्याकाळपर्यंत इंटरनेट चालत होतं, आज काही केल्या लागत नाही.

त्यातच हे दिवस निकालांचे. बारावीचा निकाल नेटवर बघायचा असायचा. परदेशातल्या मुलाची मेल यायची असायची. घरातले घायकुतीला आलेले असायचे. अशा वेळी कुणीतरी सांगायचा, ‘मशीन जुनं झालंय, आता नवीनच घ्या.’

असं जुनं मशीन अजून वापरत असाल, तर एवढ्यात पैसे काढू नका. बहुतेक वेळा मशीनला काहीही झालेलं नसतं. गेलेला असतो तो फक्त मोडेम. आणि खूपदा तर तोही गेलेला नसतो.

मोडेम म्हणजे तुमच्या सीपीयूच्या पेटीत, मागच्या बाजूला बसवलेलं तळहाताएवढं कार्ड. फोनची वायर त्यातच जाते. कॉम्प्युटरचं म्हणणं फोनच्या लायनीवरून जाईल अशा आवाजात बदलायचं, आणि तिकडून आलेला आवाज कॉम्प्युटरला कळेल असा करायचा, एवढंच त्याचं काम. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने आपल्याकडे इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. तेव्हापासून घराघरांत नंबर लावताना जी चर्रर्र-पींपीं ऐकू यायची, ती याचीच.

हे कार्ड तेव्हा हजाराच्या आत मिळायचं. एका स्क्रूवर बसतं. ज्या घरात मिक्सरचा प्लग बदलता येतो, त्या घरात मोडेमही बदलता येतो. पण पेटी उघडण्याआधी थोडं थांबा.

आधी फोनकडे बघा

मोडेममधली वायर काढा. ती भिंतीवरच्या खोक्यातूनही काढा आणि तिथे थेट फोन लावा. रिसीव्हर कानाला लावून शांतपणे ऐका. डायल टोन स्वच्छ आहे का? खरखर आहे का? मागे दुसऱ्याच कुणाचं बोलणं ऐकू येतंय का?

खरखर असेल, तर दोष लायनीत आहे. टेलिफोन कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि लाइनमनची वाट बघा. पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीतल्या खांबावरच्या जोडण्यांत पाणी शिरतं. बोलताना थोडी खरखर आपण चालवून घेतो. मोडेमला ती चालत नाही. खराब लायनीवर नवं कार्ड बसवलंत, तरी तेही रडणारच.

लाइन स्वच्छ असेल, तर वायर तपासा. टेबलामागे ती दुमडली आहे का? उंदराने कुरतडली आहे का? पिनेची छोटी प्लॅस्टिकची जीभ तुटली आहे का? ती तुटली की पिन बसल्यासारखी दिसते, पण सैल राहते. जमलं तर शेजाऱ्यांची वायर पाच मिनिटं लावून बघा. नवी वायर घेतली तरी खर्च अगदी किरकोळ.

आता पेटीच्या मागे वाका. मोडेमला दोन भोकं असतात. एकावर ‘लाइन’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘फोन’. भिंतीतून आलेली वायर ‘लाइन’मध्येच हवी. घराची साफसफाई झाली, पेटी हलवली, की इथे अदलाबदल होते. पेटीला नेटवर्कचं भोक असेल, तर ते याहून थोडं रुंद असतं. फोनची पिन त्यातही जाते आणि डुगडुगत बसते. तिथे ती घातलेली असेल, तर तुमचा मोडेम धडधाकट आहे. वायर तेवढी जागेवर लावा.

आणखी एक. आतल्या खोलीत पॅरलल फोन आहे का? तिथला रिसीव्हर नीट ठेवलेला आहे ना, बघून या.

कॉम्प्युटर काय सांगतो, ते वाचा

नंबर लागला नाही की पडद्यावर एक चौकट येते. आपण ती न वाचताच बंद करतो. तसं करू नका. तिच्यातला आकडा कागदावर लिहून घ्या.

६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, किंवा तुमच्या पॅकचे तास संपले. यात मोडेमचा काही दोष नाही. तो बिचारा नंबर लावून पलीकडे पोचलाय. ६७६ म्हणजे पलीकडची लाइन व्यग्र. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. थोड्या वेळाने पुन्हा लावा. निकालाच्या दिवशी तर हे होणारच.

६८० म्हणजे डायल टोन मिळाला नाही. इथे थोडं सावध राहा. फोनवर टोन स्वच्छ ऐकू येतोय आणि तरी ६८० येतोय, तर मोडेम गेलेला असू शकतो. पण दुसरं कारणही असतं. आपल्या एक्स्चेंजचा डायल टोन अमेरिकेतल्या टोनपेक्षा वेगळा आहे. बाहेरून आलेल्या काही मोडेमना तो ओळखताच येत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीज उघडा. ‘वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग’ असं एक वाक्य सापडेल. त्याच्यापुढची बरोबरची खूण काढून टाका आणि पुन्हा लावून बघा. एवढ्यावर चालू झालं, तर तुमचे पैसे वाचले.

६३० किंवा ६९२ आला, तर मात्र संशय थेट मोडेमवर. कॉम्प्युटर हाक मारतोय आणि मोडेम ओ देत नाही, असा त्याचा अर्थ.

खात्री करून घ्यायची असेल, तर एक तपासणी करा. विंडोज ९८ असेल, तर कंट्रोल पॅनलमधलं ‘मोडेम्स’ उघडा. ‘डायग्नॉस्टिक्स’वर जा, मोडेमची ओळ निवडा आणि ‘मोअर इन्फो’ दाबा. एक्सपीत ‘फोन अँड मोडेम ऑप्शन्स’मध्ये जा, मोडेमच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथल्या ‘डायग्नॉस्टिक्स’मध्ये ‘क्वेरी मोडेम’ असं बटण आहे. मोडेम जिवंत असेल, तर खाली अक्षरांच्या बऱ्याच ओळी येतात. त्या कळल्या नाहीत तरी चालेल. ओळी आल्या, म्हणजे कार्ड निदान कॉम्प्युटरशी बोलतंय. अशा वेळी लगेच नवं घेऊ नका. त्याचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून बघा. काहीच आलं नाही, किंवा मोडेमचं नावच यादीतून गायब झालेलं असेल, तर तो बहुधा गेला.

कधीकधी वीज पडल्यावर कॉम्प्युटरच चालू होत नाही. पंखा फिरतो, पडदा काळाच राहतो. आता मदरबोर्डच गेला असं वाटतं. तो गेलेला असूही शकतो. पण त्याआधी मोडेमचं कार्ड काढून चालू करून बघा. जळलेलं कार्ड अख्ख्या मशीनला अडवून ठेवतं. ते काढताच मशीन सुरू झालेली पुष्कळ उदाहरणं दुरुस्तीवाल्यांना माहीत असतात. ग्राहकाला सांगायची घाई मात्र सगळेच करत नाहीत.

विकत घेण्याआधी

तुमच्याकडे ब्रॉडबँड मिळतं का, ते आधी विचारा. जानेवारी २००५मध्ये बीएसएनएलचं ‘डेटावन’ आणि मुंबईत एमटीएनएलचं ‘ट्रायबँड’ सुरू झालं. वेग २५६ केबीपीएसपासून पुढे होता आणि नेट चालू असताना फोनही मोकळा राहायचा. त्याला वेगळा मोडेम लागतो, तो पेटीबाहेर असतो. ते घ्यायचं ठरत असेल, तर या जुन्या कार्डावर पैसे घालू नका. पण तेव्हा रोज अर्ध्या तासाहून जास्त नेट लागत नसेल, तर दरमहा पैसे बांधून घेण्याचीही गरज नव्हती. गावात ते आलंच नसेल, तर प्रश्नच नव्हता.

कार्डच घ्यायचं असेल, तर बाजारात जाण्याआधी पेटीत डोकावून बघा. कशी उघडायची ते पुढे सांगितलंय. आत मदरबोर्डवर कार्डं बसवायच्या खाचा दिसतात. पांढऱ्या, आखूड खाचा पीसीआयच्या. त्या काळी दुकानात मिळणारा मोडेम यातच बसायचा. काळ्या, लांब खाचा आयएसएच्या. त्या जुन्या मशीनमध्येच दिसतात, आणि त्यांची नवी कार्डं आता सहसा मिळत नाहीत. एक तपकिरी खाच डिस्प्ले कार्डाची असते. तिच्या वाटेला जाऊ नका. काही मशीनमध्ये अगदी छोटी तपकिरी खाच असते आणि कंपनीने दिलेला मोडेम तिच्यात बसवलेला असतो. तसला मोडेम शोधत हिंडू नका. तो काढून ठेवा आणि पांढऱ्या खाचेतला साधा मोडेम घ्या.

पांढरी खाच एकही रिकामी नसेल, किंवा मशीन फारच जुनं असेल, तर बाहेरून जोडायचा मोडेम घ्या. तो महाग पडतो. पण त्याचे दिवे दिसतात, तो वेगळा बंद करता येतो, आणि उद्या कॉम्प्युटर बदलला तरी तोच चालतो. माझं मत विचाराल, तर वीज वारंवार पडते अशा भागात हाच बरा. निदान लायनीतून आलेला झटका पेटीच्या बाहेर अडण्याची थोडी आशा राहते.

दुकानात तीन गोष्टी सांगा. कोणतं विंडोज आहे. मशीन किती जुनं आहे. आणि ड्रायव्हरची सीडी सोबत हवी. सीडीशिवाय कार्ड घेऊ नका, अगदी स्वस्त मिळालं तरी. तुमचा मोडेम बंद आहे, म्हणजे नेटवरून ड्रायव्हर उतरवणार कसा?

स्वस्तातले बहुतेक मोडेम आपलं अर्धं काम कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर ढकलतात. नव्या मशीनला ते कळतही नाही. जुन्या पेंटियमवर मात्र नेट लावलं की माउससुद्धा अडखळतो. तुमचं मशीन तसं असेल, तर ‘हार्डवेअर मोडेम आहे का?’ असं स्पष्ट विचारा. लिनक्स वापरत असाल, तर हे विचारल्याशिवाय घेऊच नका.

‘व्ही.९२’ या मोडेमच्या मानकासाठी जास्त पैसे मोजू नका. पलीकडच्या टोकाला ती सोय नसेल, तर तिचा उपयोग शून्य. आणि खोक्यावर ५६ केबीपीएस लिहिलं म्हणून घरी ५६ मिळत नाही. चाळिशीत वेग मिळाला, तर लाइन चांगली आहे असं समजा.

पेटी उघडताना

कॉम्प्युटर चालू होत असेल, तर आधी जुन्या मोडेमचं नाव यादीतून काढा. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये मोडेमवर जाऊन ‘रिमूव्ह’ किंवा ‘अनइन्स्टॉल’ करा. त्याचं सॉफ्टवेअर ‘अॅड-रिमूव्ह प्रोग्रॅम्स’मध्ये दिसलं, तर तेही काढा. मग कॉम्प्युटर बंद करा.

बंद केला म्हणजे झालं असं नाही. भिंतीवरचं बटण बंद करा आणि पेटीच्या मागची जाड वायर उपटून बाजूला ठेवा. नव्या मशीनमध्ये पुढचं बटण बंद असलं, तरी मदरबोर्डवर थोडा करंट राहतो.

फोनची वायरही काढा. हे बरेच जण विसरतात. बोट लायनीला लागलं असताना कुणाचा फोन आला, तर घंटीसाठी सत्तर-ऐंशी व्होल्ट येतात. जीव जात नाही, पण हात झटकला जातो आणि झटकलेला हात कुठेतरी धारदार पत्र्यावर आपटतो.

टीव्हीसारख्या दिसणाऱ्या मॉनिटरला हात लावायचा नाही. पेटीतला वायरींचा झुबका ज्या चौकोनी डब्यातून निघतो, तो पॉवर सप्लायही उघडायचा नाही. लहान मुलांना थोडा वेळ बाहेर खेळायला पाठवा. टेबलावर चहाचा कप नको.

पेटी आडवी ठेवा. मागचे स्क्रू फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने काढून वाटीत ठेवा. काही पेट्यांचं एका बाजूचं पान निघतं, जुन्यांचं सगळं आवरणच मागे सरकून येतं. उघडलीच आहे, तर आतली धूळ कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. ओलं फडकं अजिबात नको.

आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या पत्र्याला एकदा बोटं टेकवा. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना ठिणगी उडते ना, तशी अंगातली वीज नाजूक कार्डाला मारू शकते. कार्डाला हात लावायचा तो कडेला. खालच्या सोनेरी दातांना नाही.

फोनची दोन भोकं असलेलं कार्ड शोधा. त्याची लोखंडी पट्टी मागच्या बाजूला एका स्क्रूने बसवलेली असते. तो काढा. मग कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर उचला. घट्ट असेल, तर एक टोक किंचित, मग दुसरं टोक किंचित, असं करत काढा. डावी-उजवीकडे हलवू नका, खाच फाटते. एखादी बारीक वायर त्याच्यापासून साउंड कार्डाकडे गेलेली असेल, तर ती कुठे होती ते कागदावर काढून ठेवा.

निघालेलं कार्ड उजेडात धरा. फोनच्या भोकांजवळ काळा डाग, फुगलेला किंवा तडकलेला भाग दिसला, जळका वास आला, तर वीज तिथूनच शिरली. मदरबोर्डवरची खाचही बघा. ती काळवंडलेली असेल, तर नवं कार्ड शेजारच्या पांढऱ्या खाचेत घाला. त्यासाठी मागची झाकणपट्टी काढावी लागेल.

नवं कार्ड खाचेवर सरळ धरा. दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. सोनेरी दात आत जाऊन जेमतेम कड दिसेपर्यंत ते बसलं पाहिजे. तिरकं बसलं असेल, तर स्क्रू आवळून सरळ करायला जाऊ नका. काढा आणि पुन्हा बसवा. स्क्रू आत पडला, तर तो सापडेपर्यंत वीज लावायची नाही. पेटी उलटी करा, हलवा, पण त्याला बाहेर काढाच. एका हरवलेल्या स्क्रूने मदरबोर्ड जातो.

चालू केल्यावर

काही कार्डांसोबत कागद असतो की आधी सीडी चालवा, मग कार्ड बसवा. तो वाचा. बाकीच्यांच्या बाबतीत कॉम्प्युटर सुरू होताच ‘नवीन हार्डवेअर सापडलं’ असं सांगतो. सीडी घाला आणि तुमच्या विंडोजच्या नावाचा फोल्डर दाखवा. विंडोज ९८ मधेच आपली स्वतःची सीडी मागतं. ती जवळ ठेवा. देश विचारला, तर इंडिया निवडा. तसं केल्यावरही टोन ओळखला नाही, तर वर सांगितलेली खूण काढायची.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडतात ती जागा. मोडेम बसला, यादीत दिसला, तपासणीत ओळी आल्या, आणि नेट तरीही लागत नाही. कारण पडद्यावरचं तुमचं जुनं कनेक्शन अजून जुन्या मोडेमलाच शोधतंय. कनेक्शनवर उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा. ‘कनेक्ट युजिंग’पुढे नव्या मोडेमचं नाव निवडा. फोन नंबर तसाच आहे ना, बघा. नवं कार्ड खराब आहे म्हणून दुकानात परत नेली जाणारी कितीतरी कार्डं एवढ्याने चालली असती.

चालू झालं की कार्डाचं नाव आणि खरेदीची तारीख कागदावर लिहून पेटीच्या बाजूला चिकटवा. बिल आणि सीडी एकाच पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी जो कुणी बघायला येईल, त्याचा तासभर वाचेल.

पुन्हा जळू नये म्हणून

आमच्याकडे यूपीएस आहे, असं लोक विश्वासाने सांगतात. तो भिंतीतल्या विजेपासून वाचवतो. मोडेमला मारणारी वीज बहुधा फोनच्या वायरीतून येते. ती यूपीएसकडे फिरकतही नाही. फोनची वायर ज्यातून जाते असा सर्ज प्रोटेक्टर मिळतो, तो लावा. पण अगदी जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचाही भरवसा नाही.

खरा उपाय फुकट आहे. गडगडाट ऐकू आला की मोडेममधली वायर काढायची. कॉम्प्युटर बंद असला तरी काढायची, कारण बंद कॉम्प्युटरमधला मोडेमही जळतो. वायर भिंतीतून काढलीत तर आणखी चांगलं. रात्री झोपताना आणि गावाला जाताना ती काढलेलीच असू दे. मात्र विजा डोक्यावर आल्या असतील, तर तेव्हा वायरीला हात लावायला जाऊ नका. जळला तर मोडेम जळू दे.

तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन मोडून तो दोन भोकांत घालण्याची सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. ते करू नका. अर्थिंग नसलेली पेटी हाताला झिणझिण्या देते, आणि झटका आला की त्याला जमिनीत जायला वाटच राहत नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.

मोडेमचा आवाज पूर्ण बंद करू नका. हळू ठेवा, पण ऐकू येऊ दे. त्या काळी काही वाईट साइटवरून डायलर नावाचे चोरटे प्रोग्रॅम उतरायचे. ते तुमचं चालू कनेक्शन गुपचूप तोडायचे आणि परदेशातला महागडा नंबर लावायचे. तुम्ही काही केलेलं नसताना मोडेम मधेच नंबर फिरवायला लागला, तर ताबडतोब वायर काढा. बिल अचानक फुगलं, तर मुलांवर ओरडण्याआधी तपशीलवार बिल मागवा आणि त्यात आयएसडी कॉल आहेत का बघा. परदेशी फोन करायचे नसतील, तर आयएसडी बंद करण्याचा अर्ज टेलिफोनच्या ऑफिसात देऊन टाका. इंटरनेटचा नंबर त्याने अडत नाही.